मोडता मोडता राहिलेला घटस्फोट

माझ्या मुलीचा घटस्फोट मी जवळजवळ मोडला होता.

आमची वैशाली लोणावळ्याला एका हॉटेलात हिशेबाच्या कामाला आहे. तीन वर्षांपासून ती खोली घेऊन एकटी राहत होती आणि नवरा, संदीप, आंबीला आपल्या आईबापाकडं. भांडण नाही, मारझोड नाही, फक्त जमत नव्हतं. शेवटी दोघांनी समजुतीनं वेगळं व्हायचं ठरवलं. संदीप महत्प्रयासानं सहीला तयार झाला होता.

एका रविवारी ती आमच्याकडं तिकोणा पेठेला आली आणि मला सांगू लागली, "आबा, मी माणसं बघितलीत. एक वकीलबाई, एक मन मोकळं करायला समुपदेशक मॅडम आणि आमच्या दोघांच्या नावावरच्या फ्लॅटचे कागद बघायला एक जण."

"तीनच?" मी म्हणालो. "अगं, बैल बघायला जाताना आमी पाच नेतो!"

"आबा, हा बैल न्हाई."

"म्हणून तर पाच पायजेत!"

आमची ही चुलीपाशीच होती. "अवं, तुमी गप घरी बसा. वकीलबाई म्हणल्यात, सही होईस्तोवर कुणाला सांगू नका."

मी चौथीपर्यंत शिकलोय (चौथी दोनदा केली, म्हणजे पाचवी धरायला हरकत नाही) आणि मला घरी बसायला सांगितलं की माझे पाय आपोआप चपलेत जातात.

सहीच्या दिवशी मी तात्याला उठवला. तात्या म्हणजे आमच्या पट्ट्यातला मध्यस्थ. त्यानं एवढ्या सोयरिकी जुळवल्यात, की त्याला लग्नात न बोलावता जेवता येतं. सोबत माजी सरपंच नाना, आणि मान हलवायला भावकीतले दोघं. असे आम्ही पाच जण, सगळे टोपीवाले, एका गाडीतून लोणावळ्याला निघालो.

वकीलबाईंचं ऑफिस चिक्कीच्या दुकानावर होतं. खाली फुटपाथवर संदीप एकटाच वडापाव खात उभा.

"जावई एकटा!" तात्या कळवळला. "आपल्यात अशी रीत हाय का? याच्याकडची माणसं कुटं हायेत?"

"मामा, सहीच करायची होती..." संदीप मला म्हणाला.

पण तात्यानं तोवर त्याच्या बापाला फोन लावला होता! तासाभरात आंबीवरनं व्याही आले. तेही पाच जण. (माणसं मोजून आणण्यात आंबीकर आमच्या मागं नाहीत.) समोरच्या हॉटेलात चार टेबलं जोडली आणि बैठक बसली.

आता चूक कुठं झाली, ते सांगतो. तात्याला बैठक एकाच प्रकारची येत होती!

आधी भाताची विचारपूस झाली. मग नानांच्या चुलतभावाची सून व्याह्यांच्या मामेबहिणीची नात निघाली. सगळ्यांना फार बरं वाटलं. मग व्याही सहज म्हणाले, "पोरगी तुमची सोन्यावानी."

झालं! माझी छाती फुगली. समोरचा आपल्या पोरीला नावाजतोय आणि आपण गप बसायचं? मी म्हणालो, "पाव्हणं, पोरगं बी हिऱ्यावानी!"

"निर्व्यसनी," नाना म्हणाले.

"कामाला वाघ," भावकीनं मान हलवली.

"मग अडलंय कुटं?" तात्यानं विचारलं. कुणालाच सांगता येईना. तात्यानं खिशातनं सुपारी काढली, चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि अडकित्त्यानं फोडली! अक्षय तृतीयेला पोरगी नांदायला पाठवायची ठरली. आम्ही व्याही-व्याही उठून कडकडून भेटलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात दारात वैशाली आणि तिची वकीलबाई.

"वैशे," मी ओरडलो, "जमलं गं!"

"काय जमलं?"

मी तात्याकडं बघितलं. तात्यानं नानांकडं. नानांनी छताकडं.

"मुलगा आता सही करणार की नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

संदीपनं मान खाली घातली. "मोठी माणसं एवढं म्हणत्यात... आठ-पंधरा दिवस थांबू या का?"

वैशाली चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती माझ्याशेजारी बसली. "आबा," ती हळू म्हणाली, "त्याला हो म्हणायला तीन वर्षं लागली. तुमी चहा गार व्हायच्या आत परत न्हाई म्हणायला लावलं."

आता माझं एक आहे. मी दिलेला शब्द मागं घेत नाही. शेजाऱ्याला बांधाच्या भांडणात एकदा जे बोललो, ते चुकीचं आहे हे कळून अकरा वर्षं झाली. अजून तेच बोलतोय. पण पोरगी शेजारी बसली होती. मी उभा राहिलो.

"पाव्हणं, माझी चूक झाली. शब्द मागं घेतो."

(ही घरी विश्वास ठेवेना. नानांना साक्षीला बोलवावं लागलं.)

व्याही लाल झाले. "आणि आमच्या शब्दाचं काय?"

"तो तुमी आंबीला घेऊन जावा. माझी पोरगी न्हाई यायची."

"सुपारी फुटलीय!" तात्या कळवळून म्हणाला.

"खाऊन टाक!"

आणि संदीप हसला! तीन वर्षांत मी त्याला हसताना बघितला नव्हता. "मामा," तो उठत म्हणाला, "मला बी घरी कुणी असं बोलाय पायजे होतं." तो वैशालीमागं वकीलबाईंच्या ऑफिसचा जिना चढला आणि सही करून आला. उरलेला चहा दोन्हीकडच्यांनी गोडीनं घेतला. तात्यानं सुपारी खरंच खाल्ली.

पुढं कोर्टाच्या तारखेला हीही सोबत आली. मी वकीलबाईंना नमस्कार करून म्हणालो, "मला बी कायतरी काम सांगा." त्यांनी हिच्याशी कुजबुजून मला गाडी राखायचं काम दिलं. दुपारी वैशाली बाहेर आली. चेहरा असा हलका, जणू डोक्यावरचा भारा बांधावर टेकवलाय. "झालं, आबा. लय भूक लागलीय, चला."

गावात आता लोक मान देऊन विचारतात, "आबा, पोरीची केस एवढी सुरळीत पार पडली, तुमी काय केलं?"

मी टोपी सारखी करून सांगतो, "चार तास गाडीतनं हाललो न्हाई." दार बाहेरनं लावलं होतं आणि किल्ली हिच्या कमरेला होती, हे काही मी सगळ्यांना सांगत बसत नाही.