बोगादीच्या शिबिरातली रांग

हसायचे असेल तर आधी हातातला चहा संपवा, नाहीतर तुम्हाला ठसका लागेल आणि माझ्या साडीवर डाग पडेल. फजिती माझीच आहे, आणि तिला साक्षीदार इतके आहेत की नाकारायची सोय उरलेली नाही.

राज्य सरकारची खाती कशी चालतात, हा धडा मी म्हैसूरच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवला. त्यामुळे साकम्माला चाकांची खुर्ची मिळवून देणे मला अगदी किरकोळ वाटले होते. साकम्मा आमच्या शाळेची घंटा द्यायची. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिला चालता येत नाही. आता खुर्ची देणार समाजकल्याण खाते. पण हिला चालता येत नाही हे आधी आरोग्य खात्याच्या डॉक्टरने लिहून द्यायला हवे. तो हाडांचा डॉक्टर बोगादीच्या आरोग्य केंद्रात शिबिरापुरताच येतो आणि दुपारी बेट्टदपुरच्या शिबिराला निघून जातो.

मागच्या शिबिरात लोक रांग मोडून आत घुसले. साकम्माची पाळी येण्याआधीच डॉक्टरांची जीप निघून गेली. परतताना रिक्षात ती म्हणाली, "असू दे मिस. मला तरी कुठे जायचंय आता?"

ते वाक्य मला झोंबले. पुढच्या शिबिरात रांग मोडू द्यायची नाही, असे मी तिथेच ठरवले.

त्या दिवशी केंद्राचे कुलूप निघण्याआधी आम्ही दोघी दारात हजर. आतून शैला सिस्टर आल्या. त्यांचा घसा पार बसला होता. "मिस, जुन्या डॉक्टरांची बदली झाली. आज नवे येणार आहेत. तेवढी रांग तुम्ही बघाल का?"

मला अधिकार दिला की काय होते, हे तुम्ही जाणताच. थोड्याच वेळात रांग अशी सरळ झाली की शाळेच्या प्रार्थनेलाही कधी झाली नव्हती. साकम्मा बाकावर सर्वांत पुढे. मी दारात.

इतक्यात एक दाढीवाला गृहस्थ कुबडी टेकत आला. पायाला घोट्यापासून पांढरी पट्टी. कानाला मोबाईल. रांगेकडे ढुंकूनही न पाहता तो थेट दाराकडे निघाला.

"एनप्पा, अहो, कुठे?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो जागच्या जागी ताठ झाला. "मिस, मला आत..."

"इथे सगळ्यांनाच आत जायचे आहे. त्या आजोबांनाही, आणि त्यांचे तर दोन्ही पाय दुखतात."

"पण मिस, मी..."

"एक शब्द नाही. रांगेच्या शेवटी जाऊन बसा. आणि तो फोन इकडे."

मी हात पुढे केला. त्याने निमूटपणे फोन माझ्या हातावर ठेवला. मी तो पर्समध्ये टाकला. एवढा शहाणा माणूस मला त्या दिवशी दुसरा भेटला नाही. तो मला 'मिस' का म्हणतो, असा प्रश्न मला पडला का? नाही. सकाळपासून सगळे मिसच म्हणत होते.

मग आम्ही डॉक्टरांची वाट पाहू लागलो. ऊन पायरीपर्यंत आले. लोक कुरकुरू लागले. साकम्मा हळूच म्हणाली, "मिस, याही वेळी राहिलंच म्हणायचं."

मला राहवले नाही. सरकारी नोकराचे कर्तव्य या विषयावर मी भर रांगेपुढे व्याख्यान दिले. ज्याला वेळेचे भान नाही, त्याला घरी कुणी वळण लावले नाही आणि शाळेत कुणी शिकवले नाही, असे मी स्पष्ट सांगितले. रांगेच्या टोकाला तो दाढीवाला खाली मान घालून ऐकत होता. निदान एकाला तरी विषय पोहोचतो आहे, म्हणून मला समाधान वाटले.

"सिस्टर," मी म्हटले, "त्या डॉक्टरांना फोन लावा. मी बोलते त्यांच्याशी."

सिस्टरांनी फोन लावला.

माझी पर्स वाजू लागली.

सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली. पर्स वाजतच होती. सिस्टर फोनकडे पाहत होत्या, पर्सकडे पाहत होत्या. शेवटी रांगेच्या टोकाला एक हात वर झाला.

"मिस, आता बोलू का?"

"तुम्ही डॉक्टर आहात? मग तसे सांगायचे नाही का?"

"तुम्हीच 'एक शब्द नाही' म्हणालात, मिस."

"आणि हा पाय?"

"बॅडमिंटन, मिस."

साकम्माने बाकावरून मान वळवून त्याला न्याहाळले. "अय्यो, हा आपला महेश. रोज घंटा झाल्यावर यायचा. मिस, जन्मात पहिल्यांदा वेळेवर आला, तर तुम्ही त्याला बाहेर बसवलंत."

म्हणजे घरचे वळण मला ठाऊक नाही, पण शाळेत त्याला न शिकवणारी कोण, ते आता सगळ्या रांगेला कळले होते.

फोन परत देताना महेश हळूच म्हणाला, "मिस, उद्या पालकांना घेऊन येऊ का?" मग बेट्टदपुरला उशीर कळवून त्याने जेवण न घेता सगळ्यांना तपासले. साकम्माला सर्वांत आधी, रांगेतल्या जागेप्रमाणे. त्याच्या दाखल्यावर खुर्ची मिळाली. आता ती रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि भेटेल त्याला ही गोष्ट सांगते.

कालच शैला सिस्टरांचा फोन आला होता. पुढचे शिबिर ठरले आहे, तुमच्याशिवाय रांग सरळ होत नाही, जरूर या, असे डॉक्टरांनी आवर्जून कळवले आहे.

फक्त येताना पर्स घरी ठेवा, म्हणाले.