रोमन शाळा आणि आईचं एक्स्टेंशन

मी त्या रोमन लोकांचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे. सहावीतल्या माझ्या लेकीला शाळेच्या प्रोजेक्टला विषय मिळाला तो नेमका हा: प्राचीन रोममध्ये मुलांना कसं वाढवत आणि शिकवत. २००५ साल होतं. आम्ही अमेरिकेत हर्नडनला राहत होतो, नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आणि घर चालायचं ते माझ्या आईच्या जिवावर.

आमच्या लोकांत तेव्हा ही रीतच पडली होती. सहा महिने सासूसासरे, सहा महिने आई. बोलवायचं अमेरिका बघायला आणि ठेवायचं पोरं सांभाळायला. आई नागपूरला गणिताची शिक्षिका होती. इथे ती लेकीला बसस्टॉपवर सोडायची, घ्यायला जायची, अभ्यासाला बसवायची, पोक काढून बसली की दटावायची. अमेरिका तिने बघितली ती सिंकसमोरच्या खिडकीतून.

तिच्या परतीचं तिकीट काढलेलं होतं. नागपूरला मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि मावशीचं करणारं आईशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तेवढ्यात माझ्या ऑफिसातल्या प्रोजेक्टची रिलीज पुढे गेली. मी ऑफिसातूनच तिकीट कॅन्सल केलं, तिच्या व्हिसाचं एक्स्टेंशन टाकायचं ठरवलं आणि घरी येऊन पोळ्या लाटणाऱ्या आईला नुसतं सांगितलं.

"बघ बाई, तुला जमेल तसं," ती म्हणाली.

मी तो होकार धरला. आई असं कधी म्हणते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

लेकीच्या प्रोजेक्टच्या दिवशी आईला घेऊन मी शाळेत गेले. पोरं रोमन लोकांसारख्या चादरी गुंडाळून उभी होती. लेक इंग्रजीत धाडधाड बोलत सुटली. पहाटेच भरणाऱ्या शाळा, मेणाच्या पाट्यांवर टोकदार काडीने लिहिणं, चुकलं की छडी. मग म्हणाली, श्रीमंत घरात मुलांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी एक गुलाम असायचा. बहुतेकदा दूरच्या देशातून, ग्रीसमधून आणलेला. तो वळण लावायचा, अभ्यासावर लक्ष ठेवायचा. कधीकधी मालकापेक्षा जास्त शिकलेला असायचा, पण घरी जायचं की नाही हे मालक ठरवायचा.

"आमच्या घरी हे काम माझी आजी करते," ती म्हणाली, "आणि तिने घरी कधी जायचं ते मम्मी ठरवते."

सगळे कौतुकाने हसले. आईही हसली, टाळ्या वाजवल्या. पोरीचा रागच आला मला, खरं सांगते. आणि राग कशाचा, तर ती खोटं काहीच बोलली नव्हती याचा.

गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "काय गं म्हणाली माझ्याबद्दल? फार भरभर बोलते बाई. आजी तेवढं कळलं."

"म्हणाली, आजी माझा अभ्यास घेते."

मागच्या सीटवरून लेक बोलली. एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोर, त्या दिवशी एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "आजी, मी म्हटलं की तुला घरी जायचं आहे, पण मम्मी नाही म्हणते."

आई तिला रागावेल, निदान मला तरी बोलेल, असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"अगं, तिच्या नोकरीचं बघायला नको का?" एवढंच ती नातीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "घरी गेल्यावर मावशीला फोन लावून दे. माझ्यासाठी तिने ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय. आता करून घे म्हणावं, माझी वाट बघू नकोस."

दोनदा. मला एकदाही बोलली नव्हती.

तू जा, मी तिकीट काढते, असं म्हणायला घर येईपर्यंतचा अख्खा रस्ता होता. सोमवारची मीटिंग डोळ्यांसमोर आली आणि मी गाडी चालवत राहिले. घरी पोचल्यावर कॉलिंग कार्ड काढलं, मावशीचा नंबर लावला आणि फोन आईच्या हातात दिला.