बादशहाच्या सोबत्याचे डोळे

माझे यजमान पेणचे. अर्धं आयुष्य गणपती घडवण्यात गेलं, आता दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये फायबरचे रोमन पुतळे घडवतात. इथल्या व्हिलांना रोमनांचं भारी वेड. नाक उडालेलं असेल तर जास्तच आवडतं. नव्या कोऱ्या घरात मोडकी मूर्ती ठेवायची, ही श्रीमंतांची तऱ्हा मला अजून कळलेली नाही.

आमचा मुलगा समुद्रात बुडून गेला, त्याच्या पुढच्या वर्षी एका जोडीची ऑर्डर आली. हेड्रियन नावाचा बादशहा आणि त्याचा लाडका तरुण सोबती. करामाच्या घरी मुलगी फोनवरचं इंग्रजी वाचून आम्हाला समजावत होती. हेड्रियनने राज्य वाढवायचं थांबवलं, ब्रिटनमध्ये लांबलचक भिंत बांधली, सगळा मुलूख स्वतः फिरून पाहिला. मग ती मध्येच गप्प झाली.

"वाच पुढे," हे म्हणाले.

तो सोबती नाईल नदीत बुडाला होता. बादशहाने त्याच्या नावाचं शहर वसवलं, त्याला देव केलं, राज्यभर त्याचे पुतळे उभारले. मला त्या बादशहाचा रागच आला. आम्हाला धड रडायलाही रजा मिळाली नव्हती.

ऑर्डरच्या फोटोत सोबत्याचे डोळे कोरे होते. पण डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय पेणचा माणूस मूर्ती कारखान्याबाहेर जाऊ देत नाही. सवयीने ह्यांनी शेवटी बुबुळं कोरली. दुपारी मी डबा घेऊन गेले, तर हसू येण्याआधीची माझ्या मुलाची नजर माझ्याकडे बघत होती. माझा चेहरा पाहून ह्यांनाही कळलं. जेवण तसंच राहिलं.

सुपरवायझर आधी चिडला, पण गिऱ्हाइकाला ते डोळे आवडले.

"यल्ला, पॅक करो," सुपरवायझरने घाई केली.

"रखेंगे कहाँ?" ह्यांनी विचारलं.

"स्विमिंग पूल के पास."

हे पुतळ्याच्या आड येऊन उभे राहिले. हा पुतळा देणार नाही, दुसरा करून देतो, म्हणाले. कारण मात्र सांगेनात. सुपरवायझर बिचारा समजावत राहिला, ऑर्डर ती ऑर्डर, खलास.

पुतळा गेलाच. ह्यांनी तो स्वतःच्या हातांनी बांधला, पिकअपवर चढवला आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन हळूच म्हणाले, "भाई, इसका मुँह पानी की तरफ मत रखना."