काकी, दुर्बीण फिरती की फिक्स?

हातातला चहा आधी संपवा, मग ऐका. मागे हा किस्सा मी आमच्या भिशीत सांगितला तेव्हा एकीच्या नाकातून चहा आला, आणि त्याचाही दोष तिने मलाच दिला! माझ्या हातून झालेली फजिती साधीसुधी नाही हो. चौदा बायका, चौदा ताटं आणि आकाशातला एक अख्खा चंद्र, एवढं सगळं मी एका संकष्टीला वेठीला धरलं. आणि तरीही मला त्या रात्रीचा अभिमान वाटतो. हसू नका. कळेल पुढे.

मी व्रतवैकल्यं करणारी बाई. सगळे उपास करते आणि आनंदानं करते, पण संकष्टी माझी खास. त्यातून दोनेक वर्षांपूर्वी ह्यांची नजर अधू व्हायला लागली. पेपराला भिंग, जिन्याला माझा हात. बाजारात पाठवलं तर कोथिंबीर म्हणून पुदिना घेऊन यायचे, आणि वर मलाच विचारायचे, "आज चटणीला वेगळा वास कसा?" डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण किती दिसेल ते आत्ताच सांगता येणार नाही. मी घरी आले, देव्हाऱ्यासमोर बसले आणि बाप्पाला म्हटलं, "ते नाही सांगत, तर तू बघ." आणि एकवीस संकष्ट्या बोलले.

संकष्टीचा उपास चंद्र बघूनच सुटतो. अर्घ्य द्यायचं, हात जोडायचे, मग घास. आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो तेव्हा चंद्र घोडबंदरच्या बाजूच्या डोंगरांमागून कसा सभ्यपणे वर यायचा! आता मध्ये टॉवर उभे राहिलेत. गच्चीवरून दिसते ती दोन टॉवरमधली एक फट, आणि तिच्यात हायवेची धूळ. चंद्र आला तरी कुणाला पटकन ओळखू येत नाही.

मी ठरवलं, दुर्बीण घ्यायची!

दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "मॅडम, बर्ड वॉचिंग के लिए?"

"नाही भैया, उपास सोडना है."

त्यानं आधी छोटा टेलिस्कोप दाखवला. मी समोरच्या इमारतीचा बोर्ड बघितला तर अक्षरं खाली डोकं वर पाय! म्हणाला, "इसमें उल्टा ही दिखता है, मॅडम. चांद-तारों को क्या फरक पडता है?"

चंद्राला पडत नसेल, मला पडतो ना! उलट्या चंद्राला अर्घ्य द्यायचं म्हणजे मी काय तांब्या छताकडे उपडा करायचा? टेलिस्कोप बाद.

मग दोन डोळ्यांच्या दुर्बिणी निघाल्या. सगळ्यात मोठी हातात घेतली तर चंद्र वीसपट मोठा करते म्हणे, पण दिवसभर उपाशी असलेल्या बाईच्या हातात ती वीसपट थरथरते सुद्धा! शेवटी दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं पन्नास मिलिमीटरची, अशी घेतली. धुरकटात मोठं भिंग जास्त उजेड गोळा करतं, हे मला आता पाठ आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. प्रत्येकीला मी निदान तीन वेळा सांगितलंय.

तरी हात हलायचेच. चंद्र असा नाचायचा की अर्घ्य द्यावं की टाळ्या वाजवाव्यात कळेना. तिपाई आणली. गच्चीवर खाडीचा वारा, तिपाई डुलायला लागली. स्थिर राहावी म्हणून मी तिच्या मधोमध साबुदाण्याची पाच किलोची पिशवी टांगली. तर पिशवी झोके घ्यायला लागली!

मार्गशीर्षातली संकष्टी मी अशीच झोक्यावर काढली. चंद्र त्या फटीतूनच वर आला, तेवढं मात्र डोळ्यांत नीट भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या वेल्डरला गच्चीवर बोलावलं. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला अगदी चिकटून जागा निवडली, म्हणजे वारा लागणार नाही. तिथे सिमेंटमध्ये लोखंडी पाईप पुरायचा, वर एल आकाराची पट्टी. दुर्बिणीच्या दोन नळ्यांच्या मध्ये समोर एक छोटं टोपण असतं, ते काढलं की आत आटे दिसतात. त्यात पट्टीचा बोल्ट बसतो. वेल्डर माझ्याकडे बघतच राहिला. एवढं ज्ञान त्याला माझ्याकडून अपेक्षित नव्हतं.

"काकी, पट्टी फिरती ठेवू की फिक्स?"

"फिक्स! फिरती ठेवली तर हलेल."

"पण काकी, चंद्र…"

"चंद्राचं मी बघते. तू बरोबर त्या दोन टॉवरच्या फटीवर रोख आणि वेल्डिंग मार."

त्यानं आणखी एकदा विचारलं. मी आणखी ठामपणे सांगितलं. ठिणग्या उडाल्या, काम झालं. हलवून बघितलं तर पाईप काय, गच्ची हलेल पण दुर्बीण हलणार नाही! काय सांगू, मला देऊळ बांधल्यासारखं वाटलं.

पौषातल्या संकष्टीला ती वापरताच आली नाही. ह्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मी दवाखान्यातच होते आणि तिथल्याच खिडकीतून चंद्र बघितला. ती विसावी. डोळ्यावरची पट्टी निघाली, पण डॉक्टर म्हणाले, नजर स्थिरावायला वेळ लागेल. धूसर दिसायचं ह्यांना. मी विचारायची, "आज कसं?" हे म्हणायचे, "आहे, बरं आहे." ह्यांचं बरं मला ठाऊक आहे हो. आमटीत मीठ नसलं तरी ती बरीच असते.

आणि एकविसावी आली माघात, मंगळवारी. अंगारकी! माझं व्रत पुरं व्हायचं तेही अंगारकीला! मी सगळ्या बिल्डिंगला निरोप दिला, यंदा कुणी खिडक्यांमधून माना वाकड्या करायच्या नाहीत. सगळ्यांनी गच्चीवर या, दुर्बिणीतून दर्शन घ्या, मोदक माझ्याकडून.

चौदा जणी आल्या. टाकीच्या आडोशाला सतरंजी घातली, भिंतीला पाठ टेकून सगळ्या ओळीनं बसल्या. हे खाली घरातच, कारण धूळ-वारा टाळायला सांगितलेलं. "मोदकपात्राला वाफ आली की गॅस बंद करा," एवढं काम त्यांना दिलं होतं. मी दुर्बिणीला डोळे लावून उभी. आरत्या झाल्या. अथर्वशीर्ष झालं. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ झाली.

शेजारच्या जिग्नाबेननी विचारलं, "भाभी, टाइम तो हो गया?"

"तो क्षितिजावरचा टाइम," मी डोळे न काढता म्हटलं. "टॉवर ओलांडायला वीस मिनिटं लागतात."

शास्त्रीय उत्तर!

वीस मिनिटं गेली. अर्धा तास गेला. रत्नागिरीच्या सावंतकाकू, वय सत्तर, उपासाला कडक, जिभेनं त्याहून कडक, म्हणाल्या, "काय गो बाय, चंद्र येतोय की त्यालाही रिक्षा मिळत नाय?"

"येईल काकू. धूळ आहे."

"धूळ आहे तर मग दिसतंय काय तुला एवढं टक लावून?"

आता तुमच्यापासून काय लपवू? फटीच्या कडेला एका घराचं स्वयंपाकघर येत होतं, आणि तिथे एक बाई गरम पोळ्या लाटत होती. दहापट मोठ्या, टम्म फुगलेल्या. अकरावी पोळी तव्यावर होती. मी म्हटलं, "आकाश, काकू. आकाशच."

पाऊण तास झाला. जिग्नाबेननी हळूच म्हटलं, "भाभी, मैं जरा उधर जाके देखूँ?"

"हलू नका कुणी! दर्शन इथेच होणार." असा माझा दरारा! एक जण उठली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. हे.

"अगं, मोदक झाले, गॅस बंद केला. तू खाली कधी येतेस?"

"अहो, चंद्र नाही आला अजून."

"मग आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसतोय तो कोण?"

"तो एखाद्या टॉवरचा दिवा असेल. तुमचे डोळे अजून नवीन आहेत, त्यांच्यावर एवढ्यात विश्वास ठेवू नका. माझ्याकडे दुर्बीण आहे!"

"दिव्याला डाग असतात का गं?"

मी दुर्बिणीवरून डोळे काढले.

"कसले डाग?"

"चंद्राला असतात तसे. डाव्या अंगाला मोठा आहे, खाली एक पुसटसा. कडेचा जरासा भाग कमी आहे, चतुर्थीचा असतो तसा."

फोन कानाला धरून मी दुर्बिणीपासून बाजूला झाले आणि टाकीच्या पलीकडे गेले. चारच पावलं हो, चारच! आणि समोर हा थोरला, पिवळाजर्द, टॉवरच्याही वर चढलेला चंद्र! फटीपासून हात लांब करून मोजला तर वीतभराहून जास्त उजवीकडे. टाकीआड मस्त ताटकळत उभा.

चंद्र दर महिन्याला एकाच जागेवरून उगवत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं का? वेल्डरनं सांगितलं होतं म्हणा. दोनदा.

माझ्या मागून चौदा जणी आल्या. मग सावंतकाकू म्हणाल्या, "बाय गो, आज माझा फराळ होऊन भांडीसुद्धा घासून झाली असती." आणि जे हसायला लागल्या, ते जिग्नाबेन भिंतीला धरून खालीच बसल्या. उपाशीपोटी एवढं हसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या मात्र डोळ्यांना धारा. सगळ्यांना वाटलं, बाई ओशाळली. ओशाळले होतेच. पण फोन अजून चालू होता आणि मी विचारत होते, "अहो, खरंच डाग दिसतायत? दोन्ही डोळ्यांनी? एकेक मिटून बघा बरं."

"दोन्ही डोळ्यांनी. आणि आता तू खाली ये, नाहीतर मोदक मला एकट्याला दिसायला लागतील."

मी तांब्या उचलला आणि अर्घ्य दिलं. एकवीस संकष्ट्या पुऱ्या झाल्या. ज्या नजरेसाठी व्रत केलं, तिनेच मला चंद्र दाखवला. सांगा, अभिमान वाटू नये? मोदक वाढताना ती डागांची हकिगत मी चौदा जणींना चौदा वेळा ऐकवली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. गालात हसला आणि पट्टी कापून फिरती केली. आता आमची दुर्बीण चारी दिशांना फिरते, वर-खाली होते, तरी तसूभर हलत नाही. दर संकष्टीला गच्चीवर रांग लागते आणि बायका एकमेकींना सांगतात, "काकींना सगळं कळतं हो यातलं!"

मीही मान डोलावते. फक्त रांग लागायच्या आधी टाकीच्या आडोशाला जाऊन खाली घरी एक फोन करते, हळूच विचारते, "अहो, आज कुठे आलाय?" हे खिडकीतून बघून सांगतात, आणि मग मी मोठ्या शास्त्रीय चेहऱ्यानं दुर्बीण तिकडे वळवते.