भुईआवळीचा हात

माझ्या हाताला गुण नाही. हे मला चौदाव्या वर्षी, चारचौघींच्या देखत सांगितलं गेलं. आणि सांगणारी कोण, तर जिच्या औषधाच्या वाफ्याला मी पाच वर्षं पाणी घातलं ती माझी मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. अजूनही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. वय झालं, राग काही म्हातारा होत नाही.

आमचं खेडं आसेगावापासून पायी जाण्याइतकं जवळ. घरचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, चवळी, कारली निघाली की बाप आणि मोठे बाबा मंगरूळच्या बाजाराला जात. घराच्या मागं, न्हाणीचं पाणी जिथं जिरायचं, तिथं मोठीमायचा वाफा. अडुळसा, कोरफड, गवती चहा, ओव्याची पानं, कुंपणाला निरगुडी. आणि सावलीच्या कोपऱ्यात भुईआवळी. वीतभर उंचीचं रोप, पानाखाली मोहरीएवढ्या हिरव्या मण्यांची ओळ. ज्याला ठाऊक नाही तो तण समजून उपटून फेकेल.

खोकल्याचं औषध कोणीही शिकावं. अडुळशाची पानं तव्यावर मऊ करायची, फडक्यात पिळायची, रसात मध घालायचा. मोठीमाय विचारेल त्याला सांगायची. पण काविळीचं तसं नव्हतं. काविळीला पाला पुरत नाही, हात लागतो, असं सगळे मानत. तो हात एका वेळी घरात एकीकडंच असायचा. मोठीमायला तो तिच्या सासूनं दिला होता. देण्याचा दिवस पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. जुनी बाई नव्या बाईच्या ओंजळीत भुईआवळीचं पाणी सोडते, आणि त्या दिवसापासून औषध नवीच्या हातानं लागू पडतं, जुनीच्या नाही. वाटी तिच्याच हातानं रोग्याच्या हाती जायला हवी.

रविवारी सकाळी पिवळ्या डोळ्यांची माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसत. मोठीमाय त्यांच्याकडून सुपारीचं खांडही घेत नसे. आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत रोपाला हळद आणि चार तांदूळ वाहून आवतन द्यायचं, "उद्या तुले न्यायला येतो, रागावू नको." सकाळी मुळासकट उपटायचं, पाट्यावर बारीक वाटायचं आणि ताकात कालवून उपाशीपोटी तीन दिवस द्यायचं. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून आवतन मी द्यायचे, वाटायचेही मीच. वाटी तेवढी ती द्यायची. माझं वाटण बोटानं चोळून बघायची आणि म्हणायची, "माह्या परीस बारीक वाटलं व! मोठी झाली की हात तुलेच देईन पोरी."

हे ती एकदा नाही, शंभरदा बोलली. लेकराला दुसरं काय लागतं? मी हुरळून गेले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसायला लागला, मळा करपला. न्हाणीचं पाणी बंद झालं, कारण न्हाणंच बंद झालं होतं. मी भांडी विसळलेलं पाणी डबड्यात धरून वाफ्याला न्यायची. माय ओरडायची, "अवो, माणसाले प्याले पाणी नाई अन तू झाडाले पाजून राह्यली!" गवती चहा तरी मेलाच. भुईआवळीचं शेवटचं रोप मी फुटक्या मडक्यात लावलं आणि रांजणाखाली ठेवलं. रांजण पाझरतो, त्या थेंबांवर ते जगलं. मोठीमायनं ते पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढल्या पावसाळ्यात त्याच रोपाच्या बियांनी कोपरा पुन्हा हिरवा झाला. म्हणजे नंतर गावाची जी काय कावीळ उतरली ती माझ्या मडक्यातल्या रोपावर. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. हिशेबात कोणी धरलं नाही म्हणून सांगते.

मोठीमायच्या लेकाचं, माझ्या दादाचं लग्न झालं ते मी चौदा वर्षांची असताना. वयनी कारंज्याच्या पेठेतली. दारात गवताची काडी उगवत नाही अशा घरातली. निरगुडी कोणती आणि अडुळसा कोणता, हे तिला सांगूनही कळायचं नाही. पण स्वभावानं गोड. माझी वेणी घालून द्यायची, मी तिला हसायची. तिच्यावर माझा राग तेव्हा नव्हता, आताही नाही.

त्या वर्षीच्या करीला मी पहाटेच न्हाले. आदल्या दिवशी रोपाला आवतन दिलं होतं, तेही दोनदा, चुकायला नको म्हणून. अंगणात शेजारच्या बाया जमल्या होत्या. मोठीमाय तांब्या घेऊन पाटावर बसली. मी पुढं सरकले, आणि ती म्हणाली, "सूनबाई, ओंजळ धर."

मला वाटलं, आधी सुनेचा मान आणि मग माझी पाळी. इतकी मी बावळट. हिरवं पाणी वयनीच्या ओंजळीत पडलं, बायांनी तोंडभर "बरं झालं, बरं झालं" म्हटलं, आणि मोठीमाय तांब्या ठेवून उठायला लागली.

"मोठीमाय, अन मी?"

"तू काय व?"

"हात मले देतो म्हणे न तू?"

बाया हसल्या. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "तुह्या हाताले गुण नाई पोरी. अन गुण असला तरी लेक परक्याचं धन. उद्या तू सासरी जाशीन, घरची विद्या बाहेर जाऊ देऊ काय?"

याला म्हणतात केसानं गळा कापणं. मी मायकडं पाहिलं. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मला लख्ख कळलं. घरात गेल्यावर विचारलं, "तुले माहीत होतं?"

"दादाचं लगन ठरलं तवाच ठरलं हे."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तर तू पाणी घालणं सोडलं असतं," माय म्हणाली. तिला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

दसरा झाला आणि मोठीमायचे डोळे पिवळे झाले. अन्न नको, उठवेना. दादानं तिला मंगरूळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आराम करा, पाणी उकळून प्या, तेल-तूप बंद करा. बहुतेकांची ही कावीळ आपोआप उतरते. दादानं ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. मोठीमायनं नुसती मान फिरवली. तिला औषध हवं होतं आणि ते देणार वयनी. वयनी बिचारी वाफ्यात गेली आणि भुईआवळी समजून मूठभर तरोट्याचं तण उपटून आली. मग दादा मला बोलवायला आला. गरज पडली की आमची आठवण!

मी गेले. मोठीमाय बाजेवर पडली होती, हळदीसारखी पिवळी. मला वाटलं आता तरी माझा हात धरेल. ती म्हणाली, "तू आण, तूच वाट. पण वाटी सुनेच्या हाती दे. तुह्या हातानं उतरणार नाई."

मी वाफ्यात जाऊन उभी राहिले. भुईआवळी गुडघ्याला लागेल इतकी माजली होती. मी तिला हात लावला नाही. तशीच पुढं मळ्यात गेले, चवळीचा पाला खुडला आणि कडूपणासाठी कारल्याची चार पानं घेतली. पाट्यावर रोजच्यासारखं बारीक वाटलं, ताकात कालवलं आणि वाटी वयनीच्या हातात दिली. काविळीत तोंडाची चवच जाते, मोठीमायला काय कळणार, असा माझा अंदाज. तीन सकाळी मी हेच केलं.

तिनं मरावं असं माझ्या मनात नव्हतं. एवढी काही मी कसाई नाही. सुनेचा हात लागू पडला नाही हे सगळ्यांना दिसावं, चौथ्या दिवशी मी खरी भुईआवळी आणावी, स्वतःच्या हातानं पाजावी, आणि मोठीमायनं बायांच्या देखत म्हणावं, "चुकली मी." एवढंच मला हवं होतं.

चौथ्या दिवशी मोठीमायनं भाकर मागितली.

पंधरा दिवसांत डोळे पांढरे झाले. गावभर एकच, सुनेच्या हाताले काय गुण हाये बाई! आसेगावाहून माणसं वयनीला विचारत येऊ लागली. मला गप्प बसण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कोणाला काय सांगणार? आलेल्यांसाठी मी खरी भुईआवळी वाटून द्यायची, माझं लग्न होईपर्यंत. पण माझा जीव त्यातून उठला होता. ज्या हातासाठी मी रडले, त्याची जागा चवळीच्या पाल्यानं भरून निघत असेल, तर मी पाच वर्षं पाणी घातलं ते कशाला?

अठराव्या वर्षी माझं लग्न ठरलं, तेही कारंज्यालाच. निघण्याच्या दोन दिवस आधी मी आणि मोठीमाय ओट्यावर चवळीच्या शेंगा सोलत बसलो होतो. दुसरं कोणी नव्हतं. ती मान वर न करता म्हणाली, "हेच होतं न ते?"

"कोणतं?"

"तीन दिवस पाजलं ते. चवळी, अन कडू कारलं. तीस वर्षं भुईआवळी हाताळली मी. पयल्याच घोटाले कळलं."

"मंग बोलली काहून नाई? प्याली कायले?"

"बोलली असती तर सुनेच्या पयल्याच वाटीले खोट लागली असती. मंग तिच्या दारात कोण आलं असतं?"

"अन उतरली नसती तर?"

"डाक्तरनं सांगतलं होतं न," ती म्हणाली, "आपसूक उतरते म्हून." आणि दाणे सुपात टाकून तिनं पुढची शेंग घेतली.

तिनं शिव्या घातल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, तरी मला बरं वाटलं असतं. तिनं माझं पाणी नेलं, रोप नेलं, पाच वर्षं नेली. जन्मात एकच लबाडी केली होती मी, तीही तिनं सुनेच्या नावावर करून टाकली.