जुडीची गाठ

बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत मी अभिलेखपाल झाले, तेव्हा जुन्या कागदांच्या त्या खोलीत माझ्याआधी एकही बाई बसलेली नव्हती. मोडी वाचणारं तर कोणीच नव्हतं. कागद होते, उंदीर होते आणि त्या दोघांचं बरं चाललं होतं. एका निवृत्त मास्तरांच्या मागे लागून मी मोडी शिकले आणि एकेक रुमाल सोडून वाचायला बसले. रुमाल म्हणजे कागद ज्यात बांधतात ते कापड, आणि तो गठ्ठाही. कुठल्या गावची विहीर कोणी खोदली, कुठला बाजार कशावरून मोडला, हे मी लिहू लागले. ते छापून आलं. लोक मला इतिहासकार म्हणायला लागले.

माय सोडून. पिंपळगाव राजाला आमचा भाजीचा मळा. "रद्दी बांधाचा पगार देते सरकार?" असं ती चारचौघांत विचारायची. त्या कागदांत काय आहे, हे मात्र तिने जन्मात कधी विचारलं नाही. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटायचं.

रुमाल बांधायची माझी गाठ तिचीच होती. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बांधतात ती, ओढली की आणखी आवळणारी. कचेरीतले लोक चिडवायचे, "मॅडम, मेथी काय भाव?" मी म्हणायची, "तुम्हाला परवडायची नाही." खोलीतल्या शिपाईबाईलाही मी तीच गाठ शिकवली, अगदी रडवून शिकवली.

गेल्या दिवाळीआधी मुलीच्या बाळंतपणासाठी मी रजा घेऊन लोणारला गेले. परत आले तर खोलीतली मधली मांडणी रिकामी. जिल्ह्यातले सगळ्यात जुने मोडी रुमाल तिथे असायचे. निम्मे मी अजून वाचलेही नव्हते. मी लिहीत होते त्या पुस्तकाचा सगळा भार त्यांच्यावर होता, आणि दुसरी प्रत जगात कुठे नव्हती.

"रुमाल कुठायत?"

शिपाईबाई आधी हसली. "मळकट दिसत होते मॅडम, तुमी येनार म्हून धुतले. सोड्यात भिजू घातले. वायवून पुन्हा तसेच बांधले." मग तिचं लक्ष रिकाम्या मांडणीकडे गेलं आणि हसू मावळलं.

आमच्याकडे कायम जपायचे कागद लाल रुमालात बांधतात आणि लवकर नष्ट करायचे पांढऱ्यात. जुन्या कापडाचा लाल रंग सोड्यात टिकतोय कशाला? सगळं पांढरंफटक झालं. त्याच आठवड्यात निंदणी निघाली, म्हणजे मुदत संपलेले कागद काढून टाकायचं काम. पांढरे रुमाल तेवढे उचला, असं हमालांना सांगितलेलं. त्यांनी उचलले. गेले खामगावच्या रद्दीवाल्याकडे.

मी शिपाईबाईला घेऊन मिळेल त्या एसटीत बसले. बोथ्याच्या घाटात ती पदरात तोंड घालून मुसमुसत होती आणि मी मनात तिला द्यायच्या शिव्या जुळवत होते. भोळेपणाचा एवढा संताप मला कधी आला नव्हता.

गोदामात सुट्या कागदांचा ढीग छपरापर्यंत. मोडी रुमाल म्हणताच रद्दीवाला वैतागला. "ते गाठीचे का? डोकं खाल्लं बाई त्या गाठीनं. बाकीच्या शाखांचे रुमाल भराभर सुटले, हे काही सुटून नाही राह्यले. कापलं त कपडा वाया जाते. फुरसदीनं सोडू म्हून ठेवले तठी."

तठी, भिंतीशी, माझे सगळे रुमाल होते. एकही सुटलेला नव्हता. मी एक सोडला, तर आत कागद जसेच्या तसे, ओळीने. मी तिथेच पोत्यावर बसले आणि पोटभर रडले. इतकं हलकं मला मुलीची सुटका झाली तेव्हाच वाटलं होतं. घाटात जुळवलेल्या शिव्यांतली एकही आठवेना. शिपाईबाईला एवढंच म्हणाले, "गाठ बरी मारलीस वं."

कचेरीत फोन केला, रद्दीवाल्याकडून लेखी घेतलं-दिलं आणि रुमाल मालरिक्षात भरले. वाट वाकडी करून पिंपळगावला थांबले. माय ओट्यावर सांभाराच्या जुड्या बांधत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातली जुडी आवळली.

"मंग? बाजारात जाईलोक सुटत नसते ते." मग रिक्षाकडे पाहत म्हणाली, "एवढी धावत गेली. काय लिवेल हाय त्यात?"

मी वरचाच रुमाल आणला. पहिला कागद शेजारच्या गावच्या एका मळेकऱ्याचा अर्ज निघाला. विहीर सामायिक, भाऊबंद पाणी घेऊ देत नाहीत, वांगी वाळून चालली, आपली पाळी ठरवून द्यावी. मी अडखळत वाचलं. मायचा हात थांबला होता.

"अन मंग?" ती म्हणाली. "देल्ली का पाळी त्याले?"

"थांब, पाहू दे," मी म्हणाले आणि खालचा कागद काढला.