गेटमॅनच्या डब्यातली भाजी

माझ्या नवऱ्याला टीव्हीवर पाहून कितीतरी बायकांना माझा हेवा वाटला. मला मात्र त्या दिवसापासून एका मिशीवाल्या गेटमॅनचा हेवा वाटू लागला. हसायचं असेल तर खुशाल हसा, माझी सख्खी बहीणसुद्धा पोट धरून हसली होती.

आमचे हे स्टेशनमास्तर आहेत. इंदूर मागं पडलं की एक लहानसं स्टेशन लागतं, तिथे. एका चॅनेलनं अशा लहान स्टेशनांवरच्या माणसांवर तासाभराचा माहितीपट केला आणि त्यातला बराचसा भाग यांच्या स्टेशनावर चित्रित झाला. कॅमेरेवाले काही दिवस तिथे तळ ठोकून होते. घरी आम्हाला यातलं काय कळलं? तर, "कोणी फोटोवाले आलेत." बस, एवढंच. माणूस ताकास तूर लागू देत नाही. तो माहितीपट टीव्हीवर कधी दाखवणार हे मला खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून कळलं, कारण यांनी ते त्यांच्या नवऱ्याला जिन्यात सांगितलं होतं.

तर रविवारी संध्याकाळी इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरात सगळी मंडळी जमली. यांच्या आत्या आल्या, माझी बहीण आली, खालचे भिया, इंदुरात भाऊंना भियाच म्हणतात, आणि वहिनी आल्या. मी सेव-परमल, म्हणजे शेव घातलेले कुरमुरे, केलं, चहा टाकला आणि मोठ्या अभिमानानं पुढच्या खुर्चीत बसले. हे त्या वेळी ड्यूटीवर होते, ते एक बरंच झालं म्हणायचं.

माहितीपटात काय होतं, ते सांगते. गाडी येण्याआधी स्टेशनमास्तर पुढच्या फाटकावर फोन करतो. गेटमॅन फाटक बंद करतो आणि एक नंबर सांगतो, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो नंबर ऐकून लिहून घेतल्याशिवाय गाडीला पुढे सोडत नाहीत. हे झालं की फोन ठेवायचा. बाकीचे ठेवत असतील. आमचे ठेवत नाहीत.

पडद्यावर हे नंबर लिहून घेतात आणि मग खुर्चीत जरा मागे रेलून विचारतात, "और भई, आज डब्बे में क्या लाया?"

तिकडून आवाज येतो, "भिंडी है साब. कल भी भिंडी थी, आज भी भिंडी."

"अरे राम! कुरकुरी है कि लिसलिसी?"

आणि हे हसतात. अगदी मोकळेपणानं, मान मागे टाकून. हे इतकं हसतात हे मला माहीत होतं, पण ते आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतलं. पुढच्या प्रसंगात गेटमॅन सांगतो की घरवालीनं आज अशी कढी बांधून दिलीय की विचारू नका, वरून तुपाची फोडणी, पकोडेही टाकलेत. हे सगळं ऐकून घेतात, फोडणीत मेथी होती का ते विचारतात आणि मग म्हणतात, "मेरे यहां तो आज लौकी के कोफ्ते हैं. क्या बताऊं भाई, मुंह में रखो तो घुल जाए."

मी खुर्चीत ताठ झाले. ते कोफ्ते मी केले होते. सकाळी उठून दुधी किसला, पिळला, कोफ्ते तळले, रस्सा वेगळ्या डब्यात दिला की मऊ पडू नयेत. परत आल्यावर मी विचारलं होतं, "कसे झाले होते कोफ्ते?" बूट काढता काढता उत्तर आलं होतं, "ठीक." आणि तिकडे रुळांच्या कडेला बसलेल्या त्या माणसाला मात्र घुल जाए!

खालचे भिया डोळे पुसत होते. "भाभीजी, भिया ने तो रुला दिया. कोई अफसर पूछता है क्या आजकल, कि भाई तूने खाना क्या खाया?" आत्या म्हणाल्या, "आमच्या घराण्याचं वळणच तसं आहे. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, पण शिपायाला जेवलास का विचारल्याशिवाय स्वतः पानावर बसत नसत." मी मनात म्हटलं, आत्या, बायकोला विचारत असत का तेही सांगा. पण पाहुण्यांसमोर आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी सगळ्यांना आणखी चहा विचारला.

पुढचे काही दिवस मला जिणं नकोसं झालं. मी शिकवते त्या शाळेत स्टाफरूममध्ये शिरले की तोच विषय. नुकतीच पुण्याहून बदलून आलेली एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमचे मिस्टर किती केअरिंग आहेत हो! आमच्याकडे तर मी ताप आला म्हणून झोपले तरी कळत नाही." मी हसले. माझं हसणं तिला विनय वाटलं. खजरान्याला गणपतीला गेलो तर दूर्वा विकणाऱ्या बाईनं यांना ओळखलं, "टीवी वाले साब!" म्हणून ओरडली आणि यांच्या हातात लाडू ठेवला. मी शेजारीच उभी होते. मला दूर्वांची जुडी मिळाली, तीही पैसे देऊन.

चॅनेलच्या पानावर लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी फोनवर वाचत बसायची. वाचू नये हे कळत होतं, पण दुखऱ्या दातावर जीभ जातेच. कुणी लिहिलं होतं, साहेब असावा तर असा. कुणी लिहिलं होतं, भेंडीवरची चर्चा ऐकून बाबांची आठवण आली. एका मुलीनं लिहिलं होतं, या काकांच्या बायकोचं नशीब किती थोर. त्याखाली मी उत्तर टाइप केलं, "मी ती बायको." मग पुढं काय लिहावं ते सुचेना, म्हणून पुसून टाकलं.

घरची करते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा म्हणतात, ते मी पूर्वी लोकांना ऐकवायची. माझ्या नशिबी आलेली बाहेरची फेटा बांधून हिरवी झेंडी दाखवत होती. बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, बाई असती तर तू काय केलं असतंस?" खरं सांगते, बाई असती तर मला सोपं गेलं असतं. भांडता तरी आलं असतं. भेंडीच्या भाजीवरून नवऱ्याशी भांडायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

एकदा मीच यांना विचारून पाहिलं. जेवताना म्हटलं, "आज डब्यात काय होतं हो?" म्हटलं, बघू तरी, बोलतात का तसं. यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "तूच दिला ना डबा? तब्येत बरी आहे ना तुझी?"

आणि मग एका रविवारी दुपारी माझी ती सवत खुद्द घरी आली. खजरान्याला दर्शनाला आले होते म्हणे, तिथून साहेबांना भेटायला. गेटमॅन, सोबत त्याची बायको, हातात प्रसादाचा पुडा. यांचा चेहरा असा खुलला की माझा तिळपापड झाला. मी आत जाऊन पोहे भिजवले. राग असला तरी पोहे मी वाईट करत नाही, पण पोह्यांवर भुरभुरायचा तो आमचा जिरावण मसाला जरा सढळ हातानं घातला, लागू दे तिखट.

पोह्यांची ताटली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "आपकी तो बड़ी मौज है. साब घर में तो मुंह नहीं खोलते. सारी बातें आपके लिए बचाकर रखते हैं."

तो लाजला. उत्तर दिलं त्याच्या बायकोनं. डोक्यावरचा पदर नीट करत ती माझ्यापेक्षा जास्त चिडून म्हणाली, "अरे भाभीजी, ये भी घर में दो बात नी करते! टीवी में देखा तो मैं तो हक्की-बक्की रै गई. साब से कढ़ी की पूरी कथा, और मेरे से पूछो तो बोलें, हां ठीक थी."

त्या क्षणी मला ती इतकी आवडली की मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. दोन दुखावलेल्या बायका एका बाजूला आणि दोन अपराधी समोर, असं बसल्यावर बोलणं भागच होतं. गेटमॅननं साहेबांकडे एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं.

"भाभीजी, साब को सब्जी से क्या करना! वो तो ये देखते हैं कि मैं जाग रिया हूं कि नी. सीधे पूछो तो आदमी आधी नींद में भी हां बोल देता है. नंबर भी बोल देगा. पर सब्जी का पूरा हाल कोई नींद में नी सुना सकता. एक बात में जवाब दूं, तो साब बोलते हैं, उठ, मुंह धो के आ, फिर फोन कर."

हे ताटलीत पाहत पोहे खात होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"और वो कढ़ी?" त्याच्या बायकोला भलतंच काही आठवलं. "उस दिन तो मैंने चटनी-रोटी बांधी थी!"

"अरे, बात लंबी करनी पड़ती है ना," तो पुटपुटला. ती त्याच्यावर जे तुटून पडली, ते मी फार आवडीनं ऐकलं.

मला इतका आनंद झाला होता की मी गेटमॅनला आग्रह करून पुन्हा पोहे वाढले. म्हणजे हे प्रेम नव्हतंच. ती नोकरी होती. अख्खा देश रडला तो ड्यूटीतल्या एका सवयीवर. मी चॅनेलच्या पानावरच्या त्या मुलीला मनातल्या मनात उत्तरही लिहून टाकलं. पण ती दोघं जिना उतरून गेली, मी कप गोळा करायला लागले, आणि माझा आनंद जागच्या जागी विरला. भेंडीची चौकशी जर ड्यूटी, तर माझे कोफ्ते?

विचारलंच मी. "आणि कोफ्त्यांचं कौतुक केलंत ते? तेही त्याला जागं ठेवायला?"

खोटं बोलता येत नाही, हा यांचा मोठा दोष आहे. म्हणाले, "अगं, त्याला बोलतं ठेवायचं तर आपल्यालाही काही सुनवावं लागतं ना."

म्हणजे गेटमॅनचा हेवा करायलाही जागा उरली नाही. ते कौतुक त्याचंही नव्हतं आणि माझंही नव्हतं, ते येणाऱ्या गाडीचं होतं. मला रडू फुटलं. म्हटलं, "गाडीसाठी का होईना, त्याला विचारता तरी. मला इतक्या वर्षांत एकदा विचारलंत का, काय केलंस, काय खाल्लंस, कशी आहेस?"

"तुला काय विचारायचं?" हे खरोखरच गोंधळले होते. "तू तर जागीच असतेस."

मला आधी कळलंच नाही. मग हे म्हणाले, "माझी नाइट असली की सकाळी येतो ना मी, तुझ्या पांघरुणाची घडी मोडलेली नसते. तू दारात येऊन डोळे चोळतेस, आत्ताच उठल्यासारखी. पण घडी तशीच असते."

यांची रात्रपाळी असली की मला झोप लागत नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात? एवढ्या गाड्या, एवढी माणसं, आणि हा एक माणूस त्यांना सोडतो. मी दिवा मालवून बसून राहते. यांना हे सगळं माहीत होतं. किती वर्षांपासून कोण जाणे. आणि माहीत असून चकार शब्द नाही. मला पुन्हा राग आला, आधीच्यापेक्षा मोठा.

"मग एकदा तरी म्हणायचंत, झोप गं म्हणून."

यांनी समोरचा रिकामा कप उचलून हातात घेतला.

"म्हणालो असतो तर तू झोपली असतीस," हे म्हणाले. "मग मला रात्री स्टेशनाच्या त्या खोलीत फार एकटं वाटलं असतं."

मी त्यांच्या हातातला कप घेतला आणि आत गेले. नळ मोठा सोडला, भांडी घासायला म्हणून.